महिंद्रा अँड मोहम्मदची जीप आणि तिचं बदललेलं इंजिन

२ ऑक्टोबर १९४५ रोजी मुंबईत पोलादाचा व्यापार करणारी एक कंपनी सुरू झाली. तिचं नाव होतं ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. महिंद्रा म्हणजे कैलाशचंद्र आणि जगदीशचंद्र हे दोघे भाऊ. मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. लाहोरचे, अलीगढला शिकलेले आणि रेल्वेच्या हिशेब खात्यात मोठे झालेले अधिकारी. दोन वर्षांनी फाळणी झाली आणि गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. ते तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ ते १९५५ या काळात गव्हर्नर जनरल होते. इकडे १९४८ साली कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. दोन्ही ‘एम’ जागेवर राहिले, फक्त दुसऱ्याचा अर्थ बदलला.

त्याच १९४५ सालच्या डिसेंबरात आमच्या खानदेशात, अमळनेरला, मोहम्मद हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपाची कंपनी काढली. आजची विप्रो ती हीच. ते इथेच राहिले. एक मोहम्मद गेले आणि एक राहिले, या दोन गोष्टी आपल्याकडे अधूनमधून सांगितल्या जातात. ज्यांनी कंपनीही काढली नाही आणि देशही सोडला नाही, त्यांची गोष्ट मात्र सहसा कुणी लिहीत नाही. ‘महिंद्रा अँड मोहम्मद’च्या नावातून मोहम्मद गेला. पण त्या कंपनीच्या जीपचं बॉनेट उघडून त्यात डोकं घालणाऱ्या माणसांत अहमद, युसूफ, सलीम पुष्कळ राहिले. हा लेख त्यांच्या कामाबद्दल आहे, विशेषतः एका कामाबद्दल : जुन्या गाडीला दुसरं इंजिन बसवणं.

पारोळ्याला रेल्वे नाही. रेल्वे अमळनेरला. पारोळ्याच्या वाट्याला आला तो रस्ता. सुरतेहून धुळ्यावरून येणारा आणि एरंडोल, जळगाव करत नागपूर-कोलकात्याकडे जाणारा हायवे, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३. ज्या गावाला रेल्वे नसते, तिथे गॅरेज लवकर येतं. ट्रक, एसटी, काळी-पिवळी, ट्रॅक्टर आणि या सगळ्यांच्या आधीची जीप.

जीप आपल्याकडे आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या पाठीवर बसून. अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या गाड्या लिलावात निघाल्या, त्या ‘डिस्पोजलच्या जिपा’. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलीज कंपनीशी करार केला. मुंबईत माझगावला सुट्या भागांतून जिपा जोडल्या जाऊ लागल्या आणि पुढे त्या इथेच घडू लागल्या. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या. बीडीओ साहेबाची जीप, साखर कारखान्याची जीप, निवडणुकीची जीप असा तिचा संसार वाढला. सरकारी गाड्या जुन्या झाल्या की लिलावात निघत. मग त्या शेतकऱ्याकडे, ठेकेदाराकडे किंवा वडाप चालवणाऱ्याकडे जात. म्हणजे जीप सामान्य माणसाच्या दारात पोहोचायची ती बहुधा थकलेलं इंजिन घेऊनच.

हे इंजिन नीट समजून घेऊ. युद्धातल्या जीपचं पेट्रोल इंजिन चार सिलिंडरचं, २१९९ सीसीचं आणि साठ अश्वशक्तीचं होतं. त्याचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला असत. पुढे विलीजने त्याच आकाराच्या इंजिनात आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले. ताकद सुमारे ७२ अश्वशक्तीवर गेली, पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून १९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बी जीपचं बॉनेटच उंच केलं गेलं. आपल्याकडे अनेक दशकं धावलेल्या जीपचा तो ताठ मानेचा चेहरा असा आला. ज्याला आपण जीपचं ‘मूळ रूप’ म्हणतो, तेसुद्धा इंजिन बदलल्यामुळे तयार झालेलं रूप आहे.

पेट्रोल पिणारी ही जीप सरकारला परवडत होती, कारण सरकारचं पेट्रोल सरकार भरत होतं. शेतकऱ्याचं तसं नव्हतं. त्यात १९७३ मध्ये तेलाचं संकट आलं आणि पेट्रोल कडाडलं. डिझेल सरकारी धोरणामुळे स्वस्त राहिलं. मग खेड्यापाड्यातल्या जीपमालकाने मिस्त्रीला एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली, “उस्ताद, हिला डिझेल बसेल का?”

बसेल का, याचं उत्तर फक्त इंजिनाच्या लांबी-रुंदीत नसतं. पहिला प्रश्न, कुठलं इंजिन? ट्रॅक्टरचं इंजिन खानदेशात मिळत होतं आणि ते दुरुस्त करणारे हातही होते. महिंद्रांनी १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीबरोबर ट्रॅक्टरचा उद्योग सुरू केला होता. त्यातलं बी-२७५ हे ट्रॅक्टर शेतकऱ्यांच्या ओळखीचं झालं. खुद्द कंपनीनेही सत्तरच्या दशकात त्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपला बसवलं. ताकद कमी, आवाज मोठा, पण ओढ जबरदस्त.

दुसरा प्रश्न वेगाचा. जुन्या पेट्रोल जीपच्या मागच्या धुरीचं प्रमाण ५.३८ला एक असं होतं. टॉप गिअरमध्ये इंजिन ५.३८ वेळा फिरलं की चाक एकदा फिरतं, आणि चाकाच्या एका फेऱ्यात गाडी साधारण सव्वादोन मीटर पुढे जाते. हिशेब करा. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर जीप ताशी शंभरच्या आसपास जाते. ट्रॅक्टरचं इंजिन शेतात चालावं म्हणून मुद्दाम हळू फिरणारं असतं. ते २००० फेऱ्यांवर चालवलं, तर तीच जीप पन्नासच्या घरात राहते. इंजिन ओरडत राहतं आणि ट्रक ओव्हरटेक करून निघून जातो. म्हणून जाणकार मिस्त्री गिऱ्हाइकाला आधी विचारायचा, “गाडी शेतात न्यायची का धुळ्याला?” इंजिनाची निवड या उत्तरावर ठरायची.

तिसरा प्रश्न जोडणीचा. इंजिन एका घराण्याचं आणि गिअरबॉक्स दुसऱ्या. दोघांचे बोल्ट जुळत नाहीत, म्हणून मध्ये जाड लोखंडी प्लेट लेथवर बनवून घ्यावी लागते. तिचं केंद्र केसभर चुकलं तरी क्लच आणि गिअरचा शाफ्ट थोड्याच दिवसांत जातो. जीपच्या पुढच्या धुरीलाही ताकद जाते, त्यामुळे इंजिनाचं तेलाचं भांडं खाली त्या धुरीच्या गोळ्यावर आदळणार नाही हे पाहावं लागतं. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढचे पाटे वाढवायचे. ते थरथरतं, म्हणून फाउंडेशनचे रबर बदलायचे आणि चेसिसच्या वेल्डिंगवर नजर ठेवायची. त्यात हवा खूप जास्त दाबली जाते, म्हणून सेल्फ आणि बॅटरी दोन्ही मोठे लागतात. आणि शेवटी ब्रेक. इंजिन जड किंवा ताकदवान झालं आणि ब्रेक मात्र जुनेच राहिले, तर सगळी कारागिरी पहिल्याच उतारावर संपते.

१९७९ मध्ये महिंद्रांनी फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. २११२ सीसी, सुमारे ६२ अश्वशक्ती. ताकदीने जुन्या पेट्रोल इंजिनापेक्षा कमीच. पण ते मोटारीचं इंजिन होतं, पेट्रोल इंजिनासारखं वेगाने फिरणारं, त्यामुळे गिअरचं गणित फार बिघडत नव्हतं. शिवाय कंपनीच्याच डिझेल जीपमध्ये ते येऊ लागल्यावर प्लेट, फाउंडेशन आणि बेल हौसिंग बाजारात मिळू लागलं. जुन्या पेट्रोल जीपच्या मालकाला आता ओळखीचं इंजिन मिळालं. कधी अपघातात गेलेल्या गाडीतून काढलेलं, कधी ‘हाफ इंजिन’ म्हणून फक्त ब्लॉक, क्रँक आणि पिस्टनचा संच, कधी मुंबईच्या कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आलेलं.

अमेरिकेत याच कामाला मोठी इज्जत आहे. तिथे मोटार कंपन्या नवीकोरी इंजिनं लाकडी पेटीत भरून विकतात आणि जुन्या स्पोर्ट्स कारचे शौकीन ती घेऊन आपल्या गाडीत बसवतात. कुठलं इंजिन घ्यावं यावर त्यांच्यात तासन्‌तास वाद रंगतात. या शौकाचं सगळ्यात नावाजलेलं उदाहरण १९६२ चं आहे. इंग्लंडच्या एसी कंपनीच्या ‘एस’ या छोट्या स्पोर्ट्स कारला ब्रिस्टल कंपनीचं इंजिन मिळेनासं झालं. कॅरोल शेल्बी नावाच्या टेक्सासच्या रेसरने तिच्यात फोर्डचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि ‘कोब्रा’ तयार झाली. आज अस्सल कोब्रा लिलावात कोट्यवधींना जाते. तिला कुणी इंजिन बदललेली गाडी म्हणून नाक मुरडत नाही. ती स्वतःच अभिजात ठरली आहे.

शेल्बीला इंजिन मिळेना, आमच्या मिस्त्रीच्या गिऱ्हाइकाला पेट्रोल परवडेना. गरज वेगळी, पण काम तेच : एका चेसिसवर दुसऱ्या घराण्याचं इंजिन, मधली प्लेट, बदललेले पाटे. शेल्बीच्या कामाला इतिहास म्हणतात, खानदेशातल्या कामाला जुगाड. या दोन शब्दांमधलं अंतर कारागिरीने पडलेलं नाही. ते काम कुणी केलं आणि ते लिहून कुणी ठेवलं, यावरून पडलेलं आहे.

२००६ मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालाने मुस्लिमांच्या नोकरीधंद्याचं चित्र मांडलं. सरकारी नोकरीत आणि मोठ्या उद्योगांत वाटा कमी, स्वतःच्या लहान धंद्यात जास्त. जिथे मुस्लिम कामगार ठळकपणे दिसतात अशा कामांत वाहनदुरुस्ती होती. आपण हे वाक्य बहुधा मागासलेपणाचा पुरावा म्हणून वाचतो आणि तसं वाचणं बरोबरही आहे. शाळा सुटलेला पोरगा बाराव्या वर्षी उस्तादाच्या हाताखाली जातो, हे अभिमानाने सांगण्यासारखं नाही. पण त्याच गॅरेजात एक विद्याही घडत होती. ती पुस्तकात नव्हती. इंजिनाच्या आवाजावरून कुठला नोझल अडलाय ते सांगणं, ५.३८चा हिशेब आकडा माहीत नसतानाही हाताने करणं, हे उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी गेलं. या विद्येत लोहार आणि पांचाळही होते, हायवेवरचे सरदारजीही होते. ती एका जमातीची मिरास नव्हती. पण आपला वाटा मोठा होता आणि आपणच तो लिहून ठेवला नाही. आपला इतिहास म्हटलं की आपण सुलतान, सुभेदार आणि सुफी यांच्यापाशी थांबतो.

आता हा प्रश्न कागदावर आला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, धंद्यासाठी न वापरली जाणारी गाडी ‘व्हीए’ मालिकेच्या नंबरने नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, तिच्या चेसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे एखाद्या बंगल्याच्या पोर्चमध्ये झाकून ठेवलेली जीप वारसा ठरेल. पन्नास वर्षं रस्त्यावर राहिलेली, आणि राहता यावं म्हणून इंजिन बदललेली जीप ठरणार नाही.

नियमाला स्वतःचं कारण आहे, हेही मान्य करायला हवं. कुणीही काहीही जोडून त्याला व्हिंटेज म्हणू लागला, तर अस्सल गाडी उरणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सुद्धा नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यामुळे ते योग्यच आहे. पण पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याकडे बघा. १८५७ नंतर इंग्रजांनी जहागीर खालसा केली आणि किल्ल्याची मोडतोड केली. उद्या त्याचा एखादा बुरूज नव्या दगडाने बांधला, तर किल्ला अठराव्या शतकातला नाही असं कुणी म्हणणार नाही. त्या दगडाची नोंद होईल, एवढंच. जीपलाही तीच वागणूक मिळायला हवी : बदल लपवू नये आणि नाकारूही नये, त्याची नोंद करावी.

म्हणून ज्यांच्या वाड्यात किंवा खळ्यावर जुनी जीप उभी आहे, त्यांना सांगावंसं वाटतं. मूळ पेट्रोल इंजिन अजून गाडीत असेल आणि ब्लॉक तडकलेला नसेल, तर तेच बोअर करून, नवे रिंग-पिस्टन टाकून चालू करा. आता ती जीप रोज धुळ्याला जाणार नाही, तेव्हा पेट्रोलचा खर्च सोसेल. मूळ इंजिन गेलंच असेल, तर ताकदीच्या मोहाने आजचं मोठं इंजिन कोंबू नका. जीपच्या काळातलं, तिच्या ब्रेकला आणि धुरीला झेपणारं इंजिन शोधा. त्याआधी आरटीओत जाऊन विचारा, नाहीतर पासिंगला गाडी अडेल आणि अपघात झाला तर विमाही. काढलेलं इंजिन भंगाराला किलोवर देऊ नका. तेल घालून, गोणपाटात गुंडाळून ठेवा.

आणि तुमच्या जीपला वडिलांनी किंवा आजोबांनी कधीकाळी डिझेल बसवलं असेल, तर ते कुणी बसवलं याची चौकशी करा. तो उस्ताद हयात असेल तर त्याच्याकडून ऐकून घ्या : इंजिन कुठून आणलं, प्लेट कुठल्या लेथवर झाली, पाटे किती वाढवले. आरसी बुकात इंजिनाचा नंबर असतो, बसवणाऱ्याचं नाव नसतं. एका वहीत ते नाव लिहा, खाली साल घाला आणि वही गाडीच्या कागदांबरोबर ठेवा.