वेगमापकाचा कांटा

मनुष्याच्या इंद्रियांना वेग कळत नाहीं; वेगांतील फरक तेवढा कळतो. गुळगुळीत रस्त्यावर एकसारखी धांवणारी मोटार ताशीं ३० मैल जात आहे कीं ५०, हें आंत बसलेल्यास नुसत्या अंदाजानें सांगवत नाहीं. इंग्लंडांत १९०३ सालच्या कायद्यानें मोटारींना ताशीं २० मैलांची मर्यादा घातली, तेव्हां ही उणीव फार नडूं लागली. पोलीस रस्त्याचा मोजलेला तुकडा निवडीत आणि हातीं घड्याळ घेऊन येणाऱ्या मोटारीचा वेळ टिपीत. बहुतेक चालकांपाशीं मात्र अंदाजावांचून दुसरा पुरावा नसे. कायदा आंकड्यांत बोलूं लागला होता. त्याला आंकड्यांतच उत्तर देणारें यंत्र हवें होतें.

या यंत्राचें बीज मोटारीहून पुष्कळ जुनें आहे. १८२४ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ आरागो यांस असें आढळलें कीं, फिरत्या तांब्याच्या तबकडीवर टांगलेली चुंबकसूची तबकडीचा स्पर्श नसतांही तिच्यामागें ओढली जाते. तांब्याला तर चुंबक धरीत नाहीं. मग ही ओढ कसली? फॅरडे यांच्या १८३१ मधील प्रयोगांनीं तिचा उलगडा झाला. चुंबकाजवळ धातु हलली कीं तींत विजेचे भोंवरे उठतात आणि त्यांचीच ही ओढ असते. याच तत्त्वावर स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे यांनीं १९०२ सालीं वेगमापकाचें पेटंट घेतलें; तें शहर त्या वेळीं जर्मन साम्राज्यांत होतें. पुढें लंडनच्या एस. स्मिथ अँड सन्ससारख्या घड्याळें करणाऱ्या पेढ्या या धंद्यांत उतरल्या, आणि ब्रिटनमध्यें १९३७ पासून नव्या मोटारींस वेगमापक सक्तीचा झाला.

त्याची रचना साधी आहे. गिअरपेटीपासून निघालेली लवचिक केबल एका लहान चुंबकास फिरविते. चुंबकावर, त्याला न टेंकतां, अॅल्युमिनियमची हलकी वाटी बसविलेली असते. तिच्या दांडीला कांटा आणि केसासारखी बारीक कमान जोडलेली असते. चुंबक वाटीला पुढें ओढतो, कमान तिला मागें खेंचते. दोन्ही ओढी जेथें सम होतात तेथें कांटा स्थिरावतो. मैलांचे आंकडे मात्र त्याच केबलीवरून दांत्यांच्या चाकांनीं फिरतात. एका घरांत असे दोन साक्षीदार नांदतात: एक मोजतो, दुसरा तोलतो. मोजणारा सहसा चुकत नाहीं. तोलणारा उतारवयांत चुकूं लागतो. चुंबक क्षीण झाला कीं कांटा खऱ्याहून कमी वेग दाखवितो, आणि हाच दोष अधिक घातक, कारण चालक निर्धास्त राहतो.

म्हणून जुन्या मोटारीचा वेगमापक दुरुस्त करणारा जाणता कारागीर प्रथम कांट्याला हात लावीत नाहीं. तो चाकापासून आरंभ करतो. टायर निराळ्या मापाचा असेल तर दोन्ही साक्षीदार एकदमच खोटे पडतात. मैलाचा शंभरावा भाग, म्हणजे ५२ फूट ९.६ इंच, मोटार सरळ ढकलावयाची आणि केबलीचे फेरे मोजावयाचे. त्यांस शंभरानें गुणलें कीं मैलामागील फेरे निघतात. स्मिथ यांच्या पुष्कळ वेगमापकांच्या तबकडीवर हा आंकडा बारीक छापलेला असे. दोन्ही जुळले नाहींत तर दोष टायरांत किंवा गिअरांत शोधावा.

नंतर केबलीची पाळी. ती कोरडी किंवा मुरडलेली असली कीं कांटा थरथरतो. वंगण द्यावें, पण बेतानें. वरच्या टोंकाला तें फार झालें तर चढत चढत वाटीपर्यंत पोंचतें, वाटी चुंबकाबरोबर फिरूं लागते आणि कांटा शेवटच्या आंकड्यावर जाऊन आदळतो.

एवढें झाल्यावरच जुळवणी. मैलामागें १००० फेऱ्यांचें यंत्र मिनिटास १००० फेऱ्यांनीं फिरविलें तर कांट्यानें ६० दाखविले पाहिजेत, कारण मिनिटास एक मैल म्हणजेच ताशीं ६० मैल. ५०० फेऱ्यांस ३०. कारागीर चुंबकास आधीं पुरें बळ देतो, मग तें थोडें थोडें उतरवीत कांटा खऱ्या आंकड्यावर आणतो. उरलेला लहानसा फरक कमानीच्या ताणानें काढतो. कांटा उपटून सोयीच्या जागीं बसविणें हा उपाय नव्हे. तो एका वेगास खरा ठरेल आणि बाकी सर्व वेगांस खोटा.

यंत्र उघडें असतां आणखी एक मोह पडतो, तो मैलांचे आंकडे मागें फिरविण्याचा. विकत घेणाऱ्याची ही उघड फसवणूक आहे. अमेरिकेंत १९७२ च्या कायद्यानें तिला मनाई झाली. मोटार किती चालली याची तीच एक वही होय. चांगला कारागीर काम हातीं घेतांना तो आंकडा लिहून ठेवतो, आणि यंत्र परत देतांना तोच आंकडा मालकास दाखवितो.