वाशिमच्या ग्रामीण बँकेची पाटी पुन्हा बदलली. आतल्या कर्मचाऱ्यांचं काय होतं?

1 मे 2025 रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' या केंद्राच्या धोरणामुळे त्या दिवशी देशभरातल्या 26 ग्रामीण बँकांचं विलीनीकरण झालं आणि त्यांची एकूण संख्या 43 वरून 28 वर आली. बातम्यांमध्ये ग्राहकांच्या पासबुकाची भरपूर चर्चा झाली. काउंटरच्या पलीकडे बसलेल्यांची मात्र फारशी झाली नाही.

वाशिम जिल्ह्यातल्या जुन्या कर्मचाऱ्यांसाठी हा प्रकार नवा नाही. अकोला ग्रामीण बँक, मग विदर्भ क्षेत्रीय ग्रामीण बँक, 2013 पासून विदर्भ कोकण आणि आता महाराष्ट्र ग्रामीण बँक. म्हणजे बदली न होताही एकाच नोकरीत चार पाट्या!

नोकरी जाते का?

नाही. प्रादेशिक ग्रामीण बँक कायदा, 1976 नुसार विलीन झालेल्या बँकेचे कर्मचारी नव्या बँकेत सेवेत कायम राहतात. पगाराचाही मोठा प्रश्न नसतो. 1990 च्या राष्ट्रीय औद्योगिक न्यायाधिकरणाच्या निवाड्यानंतर ग्रामीण बँकांचं वेतन पुरस्कर्त्या व्यापारी बँकेच्या बरोबरीने ठरू लागलं.

मग धाकधूक कशाची?

खरा बदल नावात नसतो, पुरस्कर्त्या बँकेत असतो. ग्रामीण बँकेत केंद्राचा वाटा 50 टक्के, राज्याचा 15 आणि पुरस्कर्त्या बँकेचा 35. पण अध्यक्ष तिथून येतो, संगणक प्रणाली बहुतेक तिचीच असते आणि कामाची पद्धतही तीच घालून देते. वाशिमच्या शाखांसाठी आधी ही बँक सेंट्रल बँक ऑफ इंडिया होती, 2013 पासून बँक ऑफ इंडिया आणि आता बँक ऑफ महाराष्ट्र. बारा वर्षांत दोनदा घरचा कर्ता बदलला. मुख्यालयही अकोल्याहून नागपूरला आणि तिथून छत्रपती संभाजीनगरला गेलं.

दुसरी गोष्ट ज्येष्ठता यादीची. दोन बँकांच्या याद्या एकत्र केल्या की तुमचा क्रमांक बदलतो आणि पदोन्नतीचं गणितही. बाहेरच्याला ही किरकोळ बाब वाटेल, पण वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसासाठी विलीनीकरण म्हणजे मुख्यतः ही यादीच.

बदल्यांचं चित्र मात्र गमतीशीर आहे. आतापर्यंत सिंधुदुर्ग वाशिमच्या बँकेत होतं आणि अगदी शेजारचं हिंगोली दुसऱ्या बँकेत! आता दोन्ही एकाच बँकेत आहेत. अधिकाऱ्यासाठी याचा अर्थ जवळच्या नव्या शाखा असाही होतो आणि, निदान कागदावर, थेट नंदुरबारही.

त्यात तारीख होती 1 मे. वाशिममध्ये सोयाबीन-तुरीसाठी खरीप पीक कर्जाची गर्दी नेमकी याच सुमारास असते. अधिसूचनेने बँका एका दिवसात एक होतात, संगणक प्रणाली होत नाहीत. तोवर 'माझ्या खात्याचं काय, आयएफएससी बदलणार का, कर्ज कधी मिळणार' याची उत्तरं शाखेतल्याच माणसाला द्यावी लागतात. आपल्या यादीचं काय होणार हे त्याला स्वतःलाही माहीत नसताना.

मिचेल मार्क्स आणि फिलिप मर्विस या अमेरिकी अभ्यासकांनी 1980 च्या दशकात याला 'मर्जर सिंड्रोम' म्हटलं होतं: माहिती कमी पडली की माणसं सगळ्यात वाईट तेच गृहीत धरतात आणि 'आपण विरुद्ध ते' सुरू होतं.

हे फक्त बँकांपुरतं नाही. मुंबईत इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज ही चार सरकारी महाविद्यालयं एकत्र करून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ उभं राहिलं. मुंबई विद्यापीठाची संलग्नता सुटली की परीक्षा, अभ्यासक्रम, अभ्यास मंडळं सगळं नव्याने उभं करावं लागतं आणि ते काम तिथल्याच प्राध्यापकांवर, कर्मचाऱ्यांवर येतं. पण 'मी एल्फिन्स्टनला शिकवतो' हे वाक्य तिथे शाबूत राहिलं. वाशिमच्या शाखेत 'मी विदर्भ कोकणमध्ये आहे' हे वाक्य आता भूतकाळात गेलं आहे.