मनगटी घड्याळाची कसोटी

घड्याळ विकत घेतांना आपण बहुधा तीन गोष्टी पाहतों : किंमत, रूप आणि कारखान्याचें नांव. अशी निवड दर वेळीं फसतेच असें नाहीं. परंतु ज्या वस्तूनें वर्षानुवर्षें रोज सोबत करावी आणि जिवावरच्या प्रसंगीं दगा देऊं नये, तिची पारख करण्यास हीं तीन मापें अपुरीं आहेत. मनगटी घड्याळाचा इतिहास पाहिला म्हणजे चौथें माप हातीं लागतें. हें यंत्र ऐटीनें नव्हे, संकटांनीं घडविलें आहे; त्याचा एकेक गुण एकेका शत्रूशीं झालेल्या झगड्यांतून जन्मास आला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांत मनगटावर घड्याळ बांधणें हें बायकी लक्षण समजलें जाई. पुरुषाचें घड्याळ सांखळीस लावून जाकिटाच्या खिशांत ठेवावयाचें. मनगटावरचें तें कंकणाचाच एक प्रकार. ही समजूत कोणी युक्तिवादानें खोडली नाहीं, ती लढाईनें मोडली. १८९९ ते १९०२ या काळांतील बोअर युद्धांत एका हातीं लगाम व दुसऱ्या हातीं शस्त्र असलेल्या इंग्रज अधिकाऱ्यास खिसा चांचपण्याची सवड कोठून असणार ? तेव्हां कित्येकांनीं खिशांतलें घड्याळच चामड्याच्या पट्ट्यांत बसवून मनगटास बांधलें.

पहिल्या महायुद्धांत ही सोय निकड होऊन बसली. तोफांचा मारा ठरलेल्या मिनिटास पुढें सरकावयाचा आणि त्याच्या पाठोपाठ पायदळानें चालावयाचें, अशी त्या युद्धांतील चाल होती. घड्याळ पुढें असेल तर आपल्याच तोफांच्या तोंडीं जावें. मागें असेल तर तोंवर शत्रु सांवरून बंदुका रोखून बसलेला! म्हणून हल्ल्यापूर्वीं अधिकारी आपापलीं घड्याळें एकमेकांशीं मिळवून घेत. खंदकांतील या घड्याळांच्या कांचेवर धातूची जाळी आली, आंकडे ठळक झाले, आणि अंधारांत वेळ दिसावी म्हणून त्यांवर रेडियमचा लेप चढला. युद्धावरून परतलेल्या शिपायाच्या मनगटावरील वस्तूस बायकी म्हणण्याची छाती मग कोणास झाली नाहीं.

परंतु या लेपाची किंमत घड्याळ बांधणारानें दिली नाहीं. ती तबकडी रंगविणारीनें दिली. अमेरिकेंतील न्यू जर्सी, कनेक्टिकट व इलिनॉय या संस्थानांतील कारखान्यांत तरुण मुली कुंचल्यास टोंक आणण्यासाठीं तो ओठांत धरीत. त्यांना शिकविलेंच तसें होतें. रेडियम त्यांच्या हाडांत उतरलें, जबडे कुजले, कित्येकींचे प्राण गेले. न्यू जर्सीमधील पांचजणींनीं केलेला दावा १९२८ सालीं तडजोडीनें मिटला. पण यंत्राचा भरंवसा वाढवितांना माणसाच्या जिवाची हयगय कशी होते, हें त्यानें जगाच्या चव्हाट्यावर मांडलें. आज बहुतेक तबकड्यांवर निरुपद्रवी लेप असतो. रात्रीं त्यांवरील हिरवट उजेड पाहतांना या मुलींचें स्मरण होणें उचित आहे.

यापुढचा शत्रु म्हणजे पाणी व धूळ. खिशांतील घड्याळ कपड्यांच्या आश्रयास असे. मनगटावरचें घाम, पाऊस आणि माती यांच्या स्वाधीन झालें. जर्मनींत जन्मलेल्या व लंडनमध्यें धंदा थाटलेल्या हॅन्स विल्सडॉर्फ यानें १९२६ सालीं 'ऑयस्टर', म्हणजे कालव, या नांवाचें रोलेक्स घड्याळ बाजारांत आणलें. त्याची पाठ, कांचेभोवतालची कड व चावी देण्याची घुंडी हीं तीनही पिळून घट्ट बसत. पुढच्याच वर्षीं मर्सिडीज ग्लाइट्झ ही लंडनमधील टंकलेखिका ७ ऑक्टोबर रोजीं इंग्लिश खाडी पोहून गेली. पण दुसऱ्या एका बाईचा तसाच दावा खोटा निघाल्यामुळें हिच्याविषयींही शंका घेण्यांत आली. २१ ऑक्टोबरला ती पुन्हां पाण्यांत उतरली, तेव्हां विल्सडॉर्फनें दिलेलें घड्याळ तिच्या गळ्यांत होतें. पाणी इतकें गार होतें कीं दहा तासांहून अधिक झुंजल्यावर तिला अर्ध्यांतूनच वर काढावें लागलें. घड्याळ मात्र चालूच होतें. महिन्याभरानें 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर त्याची भली मोठी जाहिरात झळकली.

आघाताचा धडा हिंदुस्थानांतही मिळाला. पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या कांचा फुटत. यावर तोड म्हणून उलटें फिरवून पोलादी पाठ वर करतां येईल अशा 'रिव्हर्सो' घड्याळाच्या पेटंटासाठीं १९३१ सालीं पॅरिसमध्यें अर्ज झाला.

या सर्व अनुभवाचें सार दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस एका सरकारी मागणीपत्रांत उतरलें. ब्रिटिश सैन्यास हवें असलेलें घड्याळ असें : काळी तबकडी, ठळक आंकडे, अंधारांत दिसणारे कांटे, पंधरा खड्यांचें यंत्र, न तडकणारी कांच आणि पाणी आंत न येऊं देणारी पेटी. ओमेगा, लाँजिन, सिमा, व्हर्टेक्स आदि बारा कारखान्यांनीं १९४५ च्या सुमारास तीं पुरविलीं. घड्याळांवरचीं नांवें बारा, पण लक्षणें एकच ! आधीं लक्षणें ठरवावीं, मग नांव पाहावें, हा ग्राहकधर्म याहून स्पष्ट कोणीं सांगितला असेल ?

आणीबाणीचें खरें उदाहरण मात्र पृथ्वीबाहेरचें आहे. एप्रिल १९७० मध्यें चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ यानांतील प्राणवायूची टांकी फुटली. वीज वांचविण्यासाठीं यानांतील बहुतेक उपकरणें बंद ठेवावीं लागलीं. परतीची वाट नीट करण्यासाठीं इंजिन नेमके चौदा सेकंद चालवावयाचें होतें. ते सेकंद जॅक स्विगर्ट यानें आपल्या मनगटावरील ओमेगा स्पीडमास्टरवर मोजले, आणि तिघेही सुखरूप परतले. त्या घड्याळास ना विजेची गरज होती, ना दुसऱ्या यंत्राची. चावी देणारा हात तेवढा पुरे होता. आणि तें संकटासाठीं पेटींत जपून ठेवलेलें नव्हतें, नेहमींच्या वापरांतलें होतें.

आपल्याकडे १९६१ पासून बंगळूर येथें तयार होऊं लागलेलीं एच. एम. टी. चीं घड्याळें अनेक घरांतून याच साधेपणावर टिकलीं. त्या घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ सालीं झाला, तरी वडिलांचें 'जनता' मुलाच्या मनगटावर आजही दिसतें. कारण तें उघडतां येतें, साफ करतां येतें, दुरुस्त करतां येतें.

तात्पर्य, घड्याळ घेतांना दुकानदारास शत्रूंचीं नांवें घेऊन विचारावें. अंधारांत दिसेल काय ? पाण्यांत टिकेल काय ? पडलें तर सोशील काय ? बिघडलें तर आपल्या गांवांत कोणी नीट करील काय ? सेलवर चालणारें घड्याळ वेळेस अधिक बिनचूक असतें, पण सेल संपण्याआधीं बदलावा लागतो. चावीचें घड्याळ रोज आठवण मागतें, पण सेलावांचून त्याचें अडत नाहीं. पाणी अडविणारें रबर कालांतरानें कडक होतें, म्हणून तें मधून मधून तपासून घ्यावें. आणि एवढें करून घेतलेलें घड्याळ कपाटांत जपून ठेवूं नये. संकट वर्दी देऊन येत नाहीं. तें येईल तेव्हां मनगटावर जें असेल, तेंच आपलें आणीबाणीचें घड्याळ.