तिन्ही सत्तांच्या आसनांवर : जेम्स बर्न्स

कायदे करणे, ते अंमलात आणणे आणि त्यांचा अर्थ लावणे ही तीन कामे अमेरिकेच्या राज्यघटनेने तीन निरनिराळ्या हाती सोपविली. या तिन्ही ठिकाणी उच्च पदे भूषविण्याचा योग फारच थोड्यांच्या वाट्याला आला. साउथ कॅरोलिनाचे जेम्स बर्न्स हे त्यांपैकी एक होत.

१८८२ साली चार्ल्स्टन शहरी जन्मलेल्या बर्न्सना पित्याचे छत्र लाभलेच नाही. आई शिवणकामावर प्रपंच चालवी. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ते वकिलाच्या कचेरीत लागले, पुढे न्यायालयात लघुलेखक झाले आणि महाविद्यालयाची पायरी न चढताच वकिलीची सनद मिळविली. १९११ ते १९२५ पर्यंत ते प्रतिनिधिगृहात होते आणि १९३१ पासून सीनेटमध्ये. अध्यक्ष रूझवेल्ट यांची अनेक विधेयके तेथे पार पडली ती त्यांच्या मुत्सद्देगिरीमुळे.

१९४१ साली ते सर्वोच्च न्यायालयात गेले. निर्धन माणसास राज्यात आणणे हा कॅलिफोर्नियात गुन्हा होता. दारिद्र्य म्हणजे दुराचार नव्हे, असे सांगून तो कायदा रद्द ठरविणारा निकाल बर्न्स यांनीच लिहिला. परंतु महायुद्ध पेटलेले होते. सव्वा वर्षातच, १९४२ च्या ऑक्टोबरात, न्यायासन सोडून त्यांनी युद्धकालीन अर्थव्यवस्थेची सूत्रे हाती घेतली. लोक त्यांना ‘सहाय्यक अध्यक्ष’ म्हणू लागले. १९४५ च्या याल्टा परिषदेत जुनी लघुलेखनाची विद्या त्यांच्या कामी आली. त्याच वर्षी ट्रूमन यांनी त्यांना परराष्ट्रमंत्री नेमले.

एवढी थोर कारकीर्द. पण एका भिंतीपाशी या माणसाची न्यायबुद्धी अडखळे. झुंडीकडून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या हत्यांविरुद्धच्या विधेयकाला १९३८ साली त्यांनी सीनेटमध्ये विरोध केला होता. १९५१ मध्ये ते साउथ कॅरोलिनाचे गव्हर्नर झाले, तेव्हा विक्रीकर बसवून त्यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठी नव्या शाळा बांधल्या. हेतू मात्र असा की, शाळा समान दिसाव्यात आणि वेगळ्याच राहाव्यात. त्यांच्याच राज्यातील क्लॅरेंडन परगण्याच्या पालकांनी हा भेद न्यायालयात नेला होता. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला : वेगळ्या शाळा समान असूच शकत नाहीत. ज्या पीठावर बर्न्स एकदा बसले होते, त्याच पीठाचा हा कौल होता. १९७२ साली ते निवर्तले.

सत्तेच्या तिन्ही शाखांचा अनुभव मनुष्यास चतुर करतो. तो न्यायी करीलच, असे नाही. एका सत्तेची चूक दुसरीने सुधारावी, म्हणूनच घटनाकारांनी त्या वेगळ्या ठेवल्या.