आज्ञावलीलेखनाची शिस्त : चुका रोखणाऱ्या सवयी

संगणकाची आज्ञावली यंत्राइतकीच ती पुढे वाचणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसासाठीही लिहिलेली असते. ओळींची मांडणी, चलांची नावे व कंसांचा वापर यांविषयीच्या ठरलेल्या संकेतांना लेखनशैली म्हणतात. हे संकेत पाळल्यास चूक नजरेत लवकर भरते.

शैलीतील ढिलाई किती महाग पडते, हे फेब्रुवारी २०१४ मध्ये दिसले. ॲपलच्या आयफोन व मॅक संगणकांत सुरक्षित जोडणी पडताळणाऱ्या भागात ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा आली होती. वरच्या ‘इफ’ अटीला महिरपी कंस नव्हते. त्यामुळे पहिलीच ओळ अटीच्या कक्षेत राहिली. दुसरी ओळ समासापासून तेवढ्याच अंतरावर असल्याने अटीतलीच भासे. प्रत्यक्षात अट पुरी झाली नाही तरी ती अमलात येई. परिणामी स्वाक्षरीची अखेरची तपासणी वगळली जाई आणि तोवर कोणतीही चूक नोंदलेली नसल्याने निकाल ‘यशस्वी’ असा मिळे. त्याच नेटवर्कवरील त्रयस्थाला खऱ्या संकेतस्थळाचे सोंग घेऊन खासगी मजकूर वाचणे त्यामुळे शक्य होते. आयफोनसाठी २१ फेब्रुवारीला, तर मॅकसाठी चार दिवसांनी दुरुस्ती उपलब्ध झाली.

यातून काही सवयी स्पष्ट होतात. अटीखाली एकच ओळ असली तरी कंस द्यावेत. कधीही अमलात न येणाऱ्या ओळींविषयीचा कंपायलरचा इशारा सुरू ठेवावा. योग्य स्वाक्षरी स्वीकारली जाते एवढेच न पाहता, खोटी स्वाक्षरी नाकारली जाते का, याचीही चाचणी घ्यावी. बदल दुसऱ्या जाणकाराच्या नजरेखालून घालावा.

चलाच्या नावातच एकक लिहिणे हीही उपयुक्त सवय आहे. नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ गमावले गेले. एक आज्ञावली आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत देत होती. ते वापरणारी दुसरी मात्र ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे गृहीत धरत होती.

नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये अतिदक्षतेच्या आज्ञावलींसाठी दहा नियम मांडले. फंक्शन एका छापील पानात, म्हणजे सुमारे ६० ओळींत मावावे आणि कंपायलरचे सर्व इशारे पहिल्या दिवसापासून सुरू असावेत, हे त्यांपैकी दोन. नवशिक्यानेही आरंभ या दोहोंपासून करावा. त्यासाठी वेगळा खर्च लागत नाही.