अनोळखी हातांमधील विनिमय : जिओकॅशिंगमधील वस्तूंच्या निवडीचा इतिहास

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी मोकळ्या जागेत दडवून ठेवलेली पेटी उपग्रहांकडून मिळणाऱ्या स्थाननिश्चितीच्या आधारे शोधून काढण्याचा खेळ होय. पेटी ठेवणारा तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. शोधणारा जीपीएस यंत्राच्या साहाय्याने त्या जागी पोहोचतो, पेटीतील नोंदवहीत आपले नाव आणि तारीख लिहितो आणि पेटी होती तेथेच परत ठेवतो. जिओकॅश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पेटीत नोंदवहीखेरीज अनेकदा काही छोट्या वस्तूही असतात, आणि त्यांतील एखादी उचलणाऱ्याने तिच्या जागी आपल्याजवळची तेवढ्याच किंवा अधिक मोलाची वस्तू ठेवावी, असा संकेत आहे. विक्रेता, ग्राहक, तराजू आणि साक्षीदार यांपैकी कोणीही हजर नसताना देवाणघेवाण न्याय्य कशी राहावी, हा अर्थव्यवहाराच्या इतिहासातील जुना प्रश्न या साध्या संकेतातून नव्याने उभा राहिला, आणि पेटीत काय ठेवावे याविषयी खेळाडूंमध्ये जे आचार रूढ होत गेले त्यांतून त्याची उत्तरेही मिळत गेली.

परस्परांना न भेटता वस्तूंची अदलाबदल करण्याची पद्धत प्राचीन आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात कार्थेजच्या व्यापाऱ्यांविषयी सांगितले आहे, की ते आफ्रिकेच्या दूरच्या किनाऱ्यावर आपला माल मांडून जहाजांवर परत जात आणि धूर करून आल्याची खूण देत; तो धूर पाहून स्थानिक लोक येत, मालासमोर सोने ठेवत आणि मागे सरत. सोने पुरेसे वाटले तर व्यापारी ते घेऊन निघून जात, अपुरे वाटले तर पुन्हा जहाजावर जाऊन वाट पाहत, आणि समाधान होईपर्यंत दोन्ही पक्षांपैकी कोणीही दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नसे. मानवशास्त्रज्ञ या पद्धतीला मूक व्यापार म्हणतात. जिओकॅशमधील विनिमयाशी तिचे साम्य उघड असले, तरी फरकही मूलभूत आहे: मूक व्यापारात समोरचा पक्ष दृष्टीआड असला तरी जवळच असतो आणि त्याला नकार देता येतो, तर जिओकॅशमध्ये आधी वस्तू ठेवून गेलेला माणूस परतणार नसतो आणि पुढे येणारा कोण आहे हे ठाऊक नसते. त्यामुळे येथे घासाघीस संभवत नाही आणि वस्तूचे मोल ठरवण्याची सारी जबाबदारी ती घेणाऱ्यावरच पडते.

अनोळखी माणसावर विसंबण्याची दुसरी परंपरा टपालाची आहे. गॅलापागोस द्वीपसमूहातील फ्लोरियाना बेटावर देवमाशांची शिकार करणाऱ्या खलाशांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस एक पिंप टपालपेटी म्हणून वापरण्यास सुरुवात केली. तेथे येणाऱ्या जहाजावरील लोक आपली पत्रे पिंपात टाकत आणि आपल्या वाटेवरच्या गावांची पत्रे उचलून घेऊन जात. ज्याचे पत्र नेले त्याच्याकडून मोबदला मिळण्याची शक्यता नव्हती. आपले पत्रही असेच कोणीतरी नेईल एवढीच अपेक्षा होती. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील डार्टमूर या माळरानावर 1854 मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली, आणि तेथवर पायपीट करून पोहोचणारे लोक तीत आपली भेटपत्रे ठेवू लागले. पुढे लोक तेथे आपले पत्र किंवा पोस्टकार्ड ठेवत आणि नंतर येणाऱ्याने ते उचलून टपालात टाकावे अशी रीत पडली. त्यातूनच लेटरबॉक्सिंग हा छंद वाढला, ज्यात पेटीतील रबरी शिक्का आपल्या वहीत उमटवायचा आणि आपला शिक्का पेटीतील वहीत उमटवायचा असतो. येथे वस्तूऐवजी ठशांची देवाणघेवाण होत असल्याने पेटीतून काही कमी होत नाही आणि मोलाचा वादही उद्भवत नाही.

जिओकॅशिंगने मात्र पहिल्या दिवसापासून प्रत्यक्ष वस्तूंचा मार्ग धरला. अमेरिकी लष्कराच्या जीपीएस उपग्रहांचे संदेश नागरी वापरासाठी हेतुपुरस्सर धूसर केले जात असत, आणि त्यामुळे स्थाननिश्चितीत सुमारे 100 मीटरपर्यंत चूक राहत असे. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या निर्णयानुसार ही धूसरता मे 2000 च्या आरंभी काढून टाकण्यात आली, आणि नागरी यंत्रांची अचूकता एका रात्रीत जवळजवळ दसपटीने वाढली. 100 मीटर त्रिज्येच्या रानात एखादी बादली शोधणे हे दिवसभराचे काम ठरले असते. ती त्रिज्या दहा-वीस मीटरवर येताच तोच शोध खेळ म्हणून शक्य झाला. 3 मे 2000 रोजी डेव्ह उल्मर या संगणक सल्लागाराने ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक या गावाजवळ एक काळी प्लॅस्टिकची बादली जमिनीत अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत वही आणि पेन्सिल यांच्याबरोबर नकाशांची संगणकप्रणाली, व्हिडिओ टेप, पुस्तक, काही रोख डॉलर, गलोल आणि घेवड्याच्या उसळीचा एक डबा अशा वस्तू होत्या, आणि काही घ्यावे, काही ठेवावे एवढाच नियम होता. माइक टीग यांनी तीन दिवसांच्या आत ही बादली शोधून काढली, त्याच महिन्याच्या अखेरीस मॅट स्टम यांनी जिओकॅशिंग हे नाव सुचवले, आणि 2 सप्टेंबर 2000 रोजी जेरेमी आयरिश यांनी या पेट्यांची सूची ठेवणारे संकेतस्थळ सुरू केले तेव्हा जगभरातून तीत 75 पेट्यांची नोंद होती.

उल्मर यांची बादली आजच्या नियमांनुसार मान्य झाली नसती, आणि या वस्तुस्थितीतच वस्तूंच्या निवडीचा पुढचा इतिहास सामावलेला आहे. पेटी पुरण्यासाठी जमीन खणण्यास पुढे मनाई झाली आणि खाद्यपदार्थ ठेवणेही निषिद्ध ठरले. खाद्यपदार्थांवरील बंदीचे कारण केवळ ते नासतात एवढेच नव्हते. उंदीर, खारी, रॅकून आणि काही प्रदेशांत अस्वलेही वासाने आकर्षित होऊन पेट्या कुरतडू किंवा फोडू लागतात, आणि माणसाच्या अन्नाची चटक लागलेला वन्य प्राणी स्वतःलाही धोक्यात घालतो. हाच तर्क पुढे सुवासिक साबण, मेणबत्त्या आणि ओठांना लावायची मलमे यांनाही लागू करण्यात आला, कारण प्राण्याला वास कळतो, वस्तू खाण्याजोगी आहे की नाही हे कळत नाही. पेटी उघडणाऱ्यांत मुलेही असतात, म्हणून चाकू, दारूगोळा, फटाके, मद्य आणि अमली पदार्थ वर्ज्य ठरले. त्याखेरीज ऋतुमानाने शिकवलेले धडे होते: साबणाच्या फुग्यांची बाटली हिवाळ्यात गोठून फुटते आणि सारी पेटी ओली करते, मेणाचे रंगखडू उन्हाळ्यात वितळतात, कागदी वस्तू दमट हवेने बुरशी धरतात, आणि थंडीत शाई गोठत असल्याने नोंदीसाठी पेनपेक्षा पेन्सिल अधिक भरवशाची ठरते.

पेटीच्या घडणीचाही निवडीवर परिणाम झाला. पहिल्या वर्षांत खेळाडूंनी अमेरिकी सैन्याच्या जुन्या, मोडीत विकल्या जाणाऱ्या काडतुसांच्या लोखंडी पेट्या पसंत केल्या, कारण त्यांच्या झाकणाला रबराची कड असल्याने आत पाणी शिरत नसे. अशा पेटीत काही लिटर जागा मिळत असल्याने खेळण्यातील मोटारी, गोट्या, किल्ल्यांच्या कड्या, छोटी होकायंत्रे, विजेरीचे सेल, परदेशी नाणी आणि दोरी अडकवण्याच्या धातूच्या कड्या सहज मावत. या साऱ्या वस्तूंत एक समान सूत्र दिसते: त्या ओलावा सोसतात, तळहातावर मावतात आणि वय किंवा भाषा कोणतीही असली तरी पाहणाऱ्याला ओळखता येतात.

तरीही मोलाचा प्रश्न सुटला नाही. पेट्यांतील ऐवज काळाबरोबर उतरणीला लागतो, हे जुन्या खेळाडूंच्या लवकरच ध्यानात आले. नव्या पेटीत ठेवलेला चांगला ऐवज काही महिन्यांत नाहीसा होई आणि त्याच्या जागी तुटक्या खेळण्यांचे भाग, जाहिरातींची कार्डे आणि वापरलेली तिकिटे उरत. सोळाव्या शतकातील इंग्रज व्यापारी थॉमस ग्रेशॅम याच्या नावाने ओळखला जाणारा सिद्धांत असा आहे, की कायद्याने दोन नाण्यांचे मोल सारखेच ठरवले असता कमी धातूचे नाणे चलनात राहते आणि कसदार नाणे लोक स्वतःजवळ ठेवून घेतात. एक वस्तू घेऊन एक वस्तू ठेवली की कर्तव्य पुरे झाले असे मानले गेले, तेव्हा पेटीतही हेच घडले, कारण संख्या सांभाळली गेली आणि मोल घसरत राहिले. यासाठी कोणी चोर असण्याचीही आवश्यकता नव्हती. प्रत्येकाने आपल्या वस्तूला किंचित जास्त आणि पेटीतील वस्तूला किंचित कमी लेखले, तरी दहा-वीस हात फिरल्यावर पेटीत केरकचराच उरतो.

या उतरणीवर जे उपाय रूढ झाले त्यांत शिक्षा कोठेच नाही, आणि असणे शक्यही नव्हते. पहिला उपाय आचाराचा होता: बरोबरीचे किंवा चढत्या मोलाचे ठेवावे, नाहीतर काही घेऊच नये, आणि काहीही न घेता, न ठेवता परतल्यास तसे नोंदवहीत लिहावे. काही न घेता चांगली वस्तू ठेवून जाण्याची आणि पेटीतील कचरा काढून नेण्याची सवय काही खेळाडूंनी जाणीवपूर्वक जोपासली. दुसरा उपाय मोलाची कसोटीच बदलण्याचा होता. अनेक खेळाडू स्वतःच्या नावाची लाकडी चकती, हाताने ओवलेले मणी किंवा रंगवलेला खडा अशी ओळखवस्तू तयार करून प्रत्येक पेटीत ठेवू लागले. बाजारात तिला किंमत नसते, परंतु ती करणाऱ्याचे श्रम आणि नाव तिच्याबरोबर येत असल्याने घेणाऱ्याला ती विकतच्या खेळण्याहून मोलाची वाटते. निनावी विनिमयात हरवलेली जबाबदारी अशा रीतीने नावाच्या रूपाने परत आली. तिसरा उपाय उपयुक्ततेचा होता: 2002 मध्ये पेटी शोधता शोधता परिसरातील कचरा उचलण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा छोट्या डबीत गुंडाळलेली कचऱ्याची पिशवी हीसुद्धा पेटीत ठेवण्याजोगी वस्तू ठरली.

2001 मध्ये या विनिमयाला वेगळे वळण मिळाले. त्या वर्षी ट्रॅव्हल बग नावाची धातूची पट्टी प्रचारात आली. अमेरिकी सैनिकांच्या गळ्यातील ओळखपट्टीसारख्या दिसणाऱ्या या पट्टीवर स्वतंत्र क्रमांक असतो, ती एखाद्या वस्तूला जोडून पेटीत सोडली जाते, आणि प्रत्येक मुक्कामाची नोंद होत असल्याने तिचा प्रवास मालकाला घरबसल्या कळतो. त्याच वर्षी जॉन स्टॅनली यांनी पहिले जिओकॉइन म्हणजे खेळासाठी पाडलेले नाणे प्रचारात आणले. अशी वस्तू उचलणाऱ्याने बदल्यात काही ठेवणे आवश्यक नसते. त्याने ती दुसऱ्या पेटीत पोहोचवावी एवढेच अपेक्षित असते. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांतील कुला या प्रथेचे ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांनी 1922 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जे वर्णन केले, त्याच्याशी हे बरेच जुळते. तेथे शंखशिंपल्यांच्या माळा बेटांच्या वर्तुळात एका दिशेने आणि बाहूंवरील कडी उलट दिशेने फिरत राहतात, कोणीही त्या कायम जवळ ठेवत नाही, आणि वस्तूची प्रतिष्ठा ती कोणाकोणाच्या हातांतून गेली यावरून ठरते. फरक असा, की कुलातील भागीदार परस्परांना आयुष्यभर ओळखत असतात, तर ट्रॅव्हल बगच्या वाटेवरील माणसे अनोळखी असतात. त्यामुळे देखणी नाणी वाटेतच गहाळ होऊ लागली, आणि अनेक मालकांनी मूळ नाणे घरी ठेवून त्याची नक्कल प्रवासाला पाठवण्याचा मार्ग पत्करला.

पुढील काळात अदलाबदलीची जागाच आक्रसत गेली. खेळाच्या वर्गीकरणात 100 मिलिलिटरहून लहान पेटीला मायक्रो म्हणतात, आणि कॅमेऱ्याच्या फिल्मची रिकामी डबी हा तिचा परिचित नमुना होय. अशा डबीत गुंडाळलेल्या नोंदपट्टीखेरीज फारसे काही मावत नाही. शहरात मोठी पेटी दडवण्यास जागा नसते, म्हणून तेथे मायक्रो वाढल्या. दोन पेट्यांत किमान 161 मीटर अंतर असावे या नियमाच्या आधारे नेवाडातील एका निर्जन महामार्गावर 2010 मध्ये हजाराहून अधिक डब्या ओळीने मांडल्या गेल्या, आणि एका दिवसात शेकडो पेट्या शोधण्याचा विक्रमी छंद सुरू झाला, ज्यात डबी उघडून वस्तू निवडण्यास सवडच उरत नाही. मोबाइल फोनमध्ये जीपीएस आल्यावर तर पूर्वतयारीशिवाय, खिशात काही न घेता निघालेले लोकही पेटीपर्यंत पोहोचू लागले.

या स्थित्यंतराने खेळाचा विस्तार झाला हे खरे. जगभरातील पेट्यांची संख्या 30 लाखांच्या पुढे गेली आहे. तथापि नोंदपट्टीवरील सही आणि पेटीत ठेवलेली वस्तू यांचे मोल सारखे नाही. सही ही शोधणाऱ्याने स्वतःसाठी केलेली नोंद असते, तर वस्तू निवडताना त्याला आपल्यानंतर येणाऱ्या माणसाचा विचार करावा लागतो: तो लहान मूल असेल काय, त्याच्या हाती पडेपर्यंत ही वस्तू टिकेल काय, ती पाहून त्याला एवढे चालत आल्याचे समाधान वाटेल काय. ज्याच्याकडून परतफेड, आभार किंवा ओळख यांपैकी काहीही मिळणार नाही अशा माणसाचा विचार करायला लावणारे प्रसंग आधुनिक नागरी जीवनात थोडे आहेत. म्हणून मोठ्या पेट्या टिकवणे, त्यांची वेळोवेळी झाडलोट करणे आणि घरून निघताना खिशात एखादी जाणीवपूर्वक निवडलेली वस्तू ठेवणे, हा या खेळातील गौण उपचार नसून त्याचा सर्वांत मोलाचा सामाजिक वारसा आहे, आणि तो नियमांनी नव्हे, तर प्रत्येक शोधणाऱ्याच्या निवडीनेच पुढे चालू शकतो.