दुसरे घर घेताना : अपेक्षा मनातल्या आणि करारनाम्यातल्या

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आजच्या शहरी माणसाला तंतोतंत लागू पडत नाही. घर बांधण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. तो घर विकत घेतो आणि अनेकदा आयुष्यात दोन वेळा घेतो. पहिले घर नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, कर्जाचा हप्ता किती झेपेल या एकाच हिशेबावर ठरते. पुढे मुले मोठी होतात, आई-वडील गावाहून कायमचे राहायला येतात, कोणाला घरून काम करावे लागते आणि एका शयनगृहाची ती सदनिका अपुरी पडू लागते. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांत दुसऱ्या घराच्या शोधात निघणारा खरेदीदार बहुधा अशा परिस्थितीतून आलेला असतो. पहिल्या घरात काय नडले, याची यादी त्याच्या मनात तयार असते.

त्या यादीत प्रत्यक्ष वापरता येईल अशी जागा, उजेड, वारा, पाणी, गाडीसाठी हक्काची जागा, वृद्धांची सोय आणि निर्वेध कागदपत्रे यांना अग्रक्रम असतो. तरणतलाव आणि क्लब हाऊस यांचा क्रमांक पुष्कळ खाली लागतो. मात्र अपेक्षा मनात असणे वेगळे आणि ती करारनाम्यात असणे वेगळे. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ आणि त्यानुसार महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून काम करू लागलेले ‘महारेरा’ प्राधिकरण यांमुळे यातील बहुतेक अपेक्षा पैसे देण्यापूर्वी तपासून पाहण्याचे साधन खरेदीदाराच्या हाती आले आहे. आयुष्यभराची बचत पणाला लागत असताना त्या साधनाचा उपयोग न करणे महागात पडू शकते.

एक खोली जास्त हवी

शहरातल्या माणसाची पहिली मागणी जागेची असते. मुंबईतील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. तेथील १६० चौरस फुटांच्या खोल्यांत कुटुंबांच्या कित्येक पिढ्या राहिल्या. पुनर्विकासानंतर वरळी येथील पहिल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये प्रत्येकी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. खासगी प्रकल्पात घर घेणाऱ्याचे आकडे वेगळे असले, तरी गरज तीच असते. अभ्यासासाठी, कामासाठी किंवा आई-वडिलांसाठी त्याला दार लावून घेता येईल अशी आणखी एक खोली हवी असते.

येथे क्षेत्रफळाचा आकडा काळजीपूर्वक वाचावा लागतो. बोलण्यात अजूनही ‘सुपर बिल्टअप’ क्षेत्राचा उल्लेख होतो. कायद्याने मात्र चटई क्षेत्र, म्हणजेच कार्पेट एरिया, हाच व्यवहाराचा आधार मानला आहे. सदनिकेच्या आतील वापरायोग्य जमीन आणि आतल्या भिंतींखालची जागा एवढेच त्यात धरले जाते. बाहेरच्या भिंती, सेवा-नलिकांची जागा, बाल्कनी आणि खुली गच्ची त्यात येत नाही. समजा, एखादी सदनिका १,००० चौरस फुटांची म्हणून सांगितली आणि त्यात चटई क्षेत्रावर ४० टक्के वाढ धरलेली असली, तर हाती येणारी जागा सुमारे ७१४ चौरस फुटांचीच असते. त्यामुळे दोन प्रकल्पांची तुलना करताना दोन्हीकडचे चटई क्षेत्रच समोर ठेवावे आणि बाल्कनीचे माप वेगळे विचारावे.

एकूण क्षेत्रफळाइतकीच खोल्यांची मापेही महत्त्वाची ठरतात. लांबट दिवाणखाना आणि बोळ यांत जागा वाया जाते. घरातील पलंग, कपाट, जेवणाचे टेबल यांची मापे घेऊन ती मंजूर नकाशावर मांडून पाहिल्यास पुढची निराशा टळते. कपडे वाळत घालण्यासाठी सुकी बाल्कनी, गाद्या आणि बॅगा ठेवायला माळा, देव्हाऱ्यासाठी कोपरा आणि दोघांना उभे राहता येईल असे स्वयंपाकघर, या गोष्टी पहिल्या घरात राहून आलेली गृहिणी सर्वप्रथम पाहते, ते उगाच नव्हे.

उजेड, वारा आणि पाणी

पश्चिमेची खिडकी मुंबईत आणि कोकणपट्टीत वारा देते. पण नैर्ऋत्येकडून येणारा पाऊसही तीच झेलते. पुण्या-नाशिककडे उन्हाळ्यातील दुपारी पश्चिमेच्या भिंती तापतात. म्हणूनच घर एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळी पाहावे. सुसज्ज नमुना सदनिका पाहून आपल्या सदनिकेचा अंदाज येत नाही. आपला मजला आणि आपली दिशा ध्यानात घेऊनच निर्णय करावा.

आज खिडकीसमोर दिसणारा मोकळा भूखंड उद्या मोकळा राहीलच असे नाही. तो उद्यानासाठी आरक्षित आहे, त्यावरून रस्ता जाणार आहे की त्यावर इमारत उभी राहू शकते, हे शहराच्या विकास आराखड्यावरून समजते. हा आराखडा महापालिकेकडे पाहता येतो.

पाण्याची चौकशी तर भर उन्हाळ्यात करावी. शहरांच्या सीमेवर वाढलेल्या वस्त्यांत महापालिकेचे पाणी पुरेसे नसेल, तर टँकर मागवावे लागतात आणि त्यांचा खर्च मासिक देखभाल शुल्कात येतो. महापालिकेची जोडणी मिळाली आहे का, साठवण टाक्यांची क्षमता किती, पावसाचे पाणी जिरविण्याची व्यवस्था चालू आहे का, हे प्रश्न विक्री कार्यालयात विचारावेतच. शेजारच्या इमारतीतील रहिवाशांनाही विचारावेत.

गाडी कोठे उभी करणार?

पहिले घर घेताना दुचाकी असलेल्या कुटुंबाकडे पुढे चारचाकी येते आणि वाहनतळ हा इमारतीतील रोजच्या वादाचा विषय होतो. खुली किंवा इमारतीखालच्या खांबांमधील वाहनतळाची जागा विकासकाला सदनिकेप्रमाणे स्वतंत्रपणे विकता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी दिला. तीन बाजूंनी बंदिस्त वाहनतळाचे काय, यावर बरेच वाद झाले. महारेराने २०२४ मध्ये वाटपपत्र आणि विक्री करारनामा यांना जोडावयाच्या परिशिष्टात वाहनतळाचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि इमारतीतील नेमके ठिकाण नमूद करण्याचे बंधन विकासकांवर घातले. यांत्रिक वाहनतळ असल्यास आपली गाडी त्यात बसते का, हे या मापांवरून ताबा घेण्यापूर्वीच कळते.

वृद्धांची सोय

दुसऱ्या घरात बहुतेकांचे निवृत्तीनंतरचे आयुष्य जाणार असते. तरीही घर निवडताना जिना, दाराची रुंदी आणि न्हाणीघर यांच्याकडे कमी लक्ष दिले जाते. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या गृहप्रकल्पांकरिता महारेराने २०२४ मध्ये किमान निकष ठरवून दिले. एकापेक्षा अधिक मजल्यांच्या इमारतीत लिफ्ट, चाकाची खुर्ची आत जाईल अशी किमान ९०० मिलिमीटर रुंदीची दारे, न घसरणारी फरशी आणि आधारासाठी कठडे यांचा त्यांत समावेश आहे. हे निकष सर्वसाधारण प्रकल्पांना बंधनकारक नाहीत. मात्र कोणत्याही घराची पारख करताना खरेदीदाराला ते मोजपट्टीसारखे वापरता येतात. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते का आणि वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, हेही त्याच वेळी पाहावे.

सुविधांचा खर्च कोण करणार?

व्यायामशाळा, तरणतलाव, बहुउद्देशीय सभागृह यांची चित्रे माहितीपत्रकात आकर्षक दिसतात. ताबा मिळाल्यावर त्यांचा खर्च रहिवाशांनाच भागवावा लागतो. देखभाल शुल्क दरमहा ४ हजार रुपये धरले आणि त्यात कधीच वाढ झाली नाही असे मानले, तरी वीस वर्षांत ९ लाख ६० हजार रुपये होतात. म्हणून जी सुविधा कुटुंब खरोखर वापरणार आहे, तिच्यासाठीच जादा किंमत मोजावी. सुविधा कोणत्या आणि त्या कोणत्या तारखेपर्यंत उपलब्ध होतील, याचा तपशील विक्री करारनाम्यात देण्याचे निर्देशही महारेराने २०२४ मध्ये दिले. तारीख नसलेल्या आश्वासनावर विसंबून राहू नये.

कागदपत्रे

५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील किंवा आठपेक्षा अधिक सदनिकांच्या नव्या प्रकल्पाची महारेराकडे नोंदणी आवश्यक असते. जाहिरातीत क्यूआर कोड छापणे १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक आहे. तो मोबाइलवर वाचल्यास मंजूर नकाशे, प्रकल्पावरील दावे, बांधकामाची प्रगती आणि पूर्ततेची तारीख पाहता येते.

करारनामा नोंदविण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवून ती त्याच प्रकल्पाची जमीन आणि बांधकाम यांवर खर्च करावी लागते. ठरलेल्या मुदतीत ताबा न मिळाल्यास व्यवहार सोडून रक्कम व्याजासह परत मागण्याचा किंवा व्यवहार कायम ठेवून विलंबाचे व्याज घेण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातील दोष आढळल्यास तो विकासकाने विनामूल्य दूर करावयाचा असतो.

जुन्या इमारतीतील घर घेताना चौकशी वेगळी असते. भोगवटा प्रमाणपत्र, आधीच्या सर्व करारनाम्यांची साखळी, भागप्रमाणपत्र आणि संस्थेची थकबाकी नसल्याचा दाखला तपासावा. जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे झाले आहे का, हे अवश्य विचारावे. विकासक टाळाटाळ करीत असल्यास मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग २००८ च्या कायदादुरुस्तीने खुला झाला आहे. जमीन संस्थेच्या नावे नसेल, तर पुढे पुनर्विकासाच्या वेळी अडचणी उभ्या राहतात.

हिशेबाची जुळणी

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढील कर्जात ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळू शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क सर्वसाधारणपणे त्यात धरले जात नाही, त्यासाठी पैसे वेगळे बाजूला ठेवावे लागतात. घर केवळ महिलांच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत १ एप्रिल २०२१ पासून आहे. बांधकाम सुरू असलेल्या घरावर १ एप्रिल २०१९ पासून पाच टक्के, तर परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसणाऱ्या घरावर एक टक्का वस्तू व सेवा कर लागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकलेल्या घरावर हा कर नसतो. व्यवहार ५० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असल्यास एक टक्का कर कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते.

जुने घर विकून नवे घेणाऱ्याने तारखांकडे लक्ष द्यावे. दोन वर्षांहून अधिक काळ मालकीचे असलेले घर विकून झालेल्या भांडवली नफ्यावरील करसवलतीसाठी नवे घर विक्रीपूर्वी एक वर्षात किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत खरेदी करावे लागते, तर बांधून घ्यावयाचे असल्यास तीन वर्षांत पूर्ण व्हावे लागते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत नफ्याची रक्कम वापरली गेली नसेल, तर ती बँकेतील भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते.

हे सर्व पाहता, घर शोधायला निघण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून आपल्या अपेक्षांची यादी कागदावर लिहावी आणि प्रत्येक अपेक्षेसमोर ती कोणत्या दस्तऐवजात तपासता येईल, याची नोंद करावी. मंजूर नकाशा, महारेराचे संकेतस्थळ, विकास आराखडा किंवा करारनाम्याचे परिशिष्ट यांपैकी कोठेही न सापडणारी अपेक्षा सही करण्यापूर्वी विकासकाकडून लेखी घ्यावी. ताबा मिळाल्यानंतर तोंडी आश्वासनाचा पुरावा देता येत नाही.